पिवळा अंगठा

१

बुधवारी सकाळी साडेनऊला औषध कंपनीची गाडी छापखान्याच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मी सवयीने जावकचं पान उघडलं. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, आवक उघडा. तुमचाच माल परत आणलाय."

सव्वीस वर्षांत असं दोनदा झालं होतं. एकदा कागद भिजला होता, एकदा पत्ता चुकला होता. या वेळी अठरा हजार माहितीपत्रकं होती. औषधाच्या बाटलीबरोबर खोक्यात घडी घालून जातात आणि कुणीही वाचत नाही, ती. ही लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाची होती. वरच्या गठ्ठ्यावर लाल पेनानं एक ओळ गोल केलेली. सहा वर्षांखालील मुले : दोन चमचे, दिवसातून तीन वेळा. असायला हवं होतं अर्धा चमचा, दोन वेळा. मोठ्यांच्या औषधाचा तक्ता लहानांच्या पत्रकात जाऊन बसला होता.

मालकांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि पुसल्यावर काही वेगळं दिसेल अशा आशेनं पुन्हा वाचलं.

"एकाही पोरापर्यंत पोचलं नाही ना?"

"नाही साहेब. कंपनीच्या दारातच अडवलं. माल उतरवून घेणाऱ्या बाई हाताला येईल ते वाचतात."

न बघताच ती बाई मला आवडली. माझ्याच जातकुळीची असणार. मी पुढच्या टेबलावर बसते. काय आलं, काय गेलं, कोण किती वाजता आलं, स्टेपलर कोणी नेला आणि पिना संपवून परत केला, सगळं माझ्या वहीत असतं. म्हणून मला सगळे नोंदताई म्हणतात, समोर प्रेमानं आणि मागे वेगळ्या सुरात. वर्षभरापूर्वी छापखान्याचा कारभार फोनवरच्या ग्रुपवर गेला, तेव्हा वहीचं काम संपेल असं सगळ्यांना वाटलं. मी ग्रुपही वहीत उतरवायला लागले. कामाचा संदेश आला की नोंद करायची, नोंद झाली की त्या संदेशावर एक अंगठा ठेवायचा. पूर्वी बरोबरची खूण करायचे, तशी.

ग्रुपची कल्पना छोट्या बाईंची, म्हणजे मालकांच्या मुलीची. पूर्वी प्रूफ कागदावर निघायचं, मुद्रितशोधक ते वाचून कोपऱ्यात सही करायचे आणि सही असलेला कागद यंत्रावर जायचा. आता प्रूफ ग्रुपवर येतं. मुद्रितशोधकांनी त्यावर अंगठा दिला की यंत्र सुरू. बाकी कुणी अंगठा दिला, फूल दिलं, टाळ्या वाजवल्या तरी यंत्राला त्याचं काही नाही.

मालकांनी सोमवारचा तो संदेश काढला. प्रूफचं चित्र, खाली अंगठा. अंगठ्यावर बोट ठेवलं की कुणी दिला ते दिसतं. मालकांनी बोट ठेवलं आणि फोन भिंगकाकांपुढे धरला.

भिंगकाका म्हणजे आमचे मुद्रितशोधक. चौतीस वर्षं गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, निवृत्तीला चार महिने. त्यांनी भिंग लावून स्वतःचंच नाव वाचलं. मग पत्रकातला तक्ता वाचला, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर.

"हे मी वाचलेलं नाही," ते म्हणाले.

"अंगठा तुमचा आहे काका."

"अंगठा माझा आहे," काका म्हणाले. "पण हे मी वाचलेलं नाही."

२

मालकांनी मला आत बोलावलं. कंपनीला शुक्रवारी लेखी खुलासा हवा होता. जबाबदार कोण आणि त्याचं काय केलं, दोन्ही.

"काकांचं नाव लिहायचं तर चार महिन्यांवर निवृत्ती आलेल्या माणसाला मला घरी बसवावं लागेल," ते म्हणाले. "आणि तेही असं लिहून, की याच्या हातून पोरांचा जीव गेला असता. तुम्ही सगळ्यांवर नजर ठेवून असता. नाहीतरी ठेवताच. दोन दिवस जरा रीतसर ठेवा."

मला आनंद झाला. आता ते लिहायची लाज वाटते, पण झाला. एवढी वर्षं फुकट केलेल्या कामाची कुणीतरी नेमणूक केली होती.

शिवाय या कामाला मीच योग्य, असं माझं ठाम मत होतं. भिंगकाकांच्या पिढीला फोनवरची इमोजीची तोंडं कळत नाहीत आणि आमच्या डिझायनर मुलीच्या पिढीला त्यांच्याशिवाय बोलता येत नाही. मी मधली. मला दोन्हीकडचं कळतं. मधल्या पिढीला हा माज असतोच.

पहिली पाळी त्या डिझायनरची. वय चोवीस, सतत चिवचिव, म्हणून चिमणी. तीन शब्दांचा संदेश पाठवते आणि मागे पाच तोंडं लावते.

"तक्ता चुकला तो माझ्याकडून," तिनं बसायच्या आधीच सांगून टाकलं. "दोन्ही पत्रकं सारखीच दिसतात. जुन्या फाइलवर नवीन केलं आणि तक्ता बदलायचा राहिला. पण ताई, अशी चूक माझ्याकडून आठवड्याला एक होते. ती काका पकडतात. त्यासाठीच तर काका आहेत."

"प्रूफ किती वाजता टाकलंस?"

"अकरा दहाला. आणि चहा प्यायला गेले. कप खाली ठेवायच्या आत अंगठा. मी म्हटलं, आज काका सुसाट."

"दहा मिनिटांत?"

"दहासुद्धा नाहीत. एरवी काका एका पत्रकाला तास घेतात. आणि गंमत सांगू? त्या दिवशी त्यांनी माझ्या रजेच्या अर्जालाही अंगठा दिला. काका! ते कधी प्रूफशिवाय कशाला हात लावतात का?"

ती हसली. मी नाही हसले. मी वहीत लिहिलं : हसली.

"तुला घाई होती का यंत्र सुरू व्हायची?"

"मला कशाला असेल?"

"रजेवर जायचं होतं ना दुसऱ्या दिवशी. काम अडकलं असतं तर रजा गेली असती."

चिमणीचा चेहरा एकदम लहान झाला. "म्हणजे मी काकांच्या नावानं अंगठा दिला असं म्हणताय तुम्ही?"

"मी काहीच म्हणत नाही. विचारतेय. काकांचा ग्रुप माझ्या संगणकावर कुणी जोडून दिला?"

हे खरं होतं. काकांना फोनवर प्रूफ बारीक दिसायचं. म्हणून चिमणीनं महिन्यापूर्वी माझ्या टेबलावरच्या संगणकावर त्यांचाही ग्रुप उघडून दिला होता. एका खिडकीत माझा, शेजारच्या खिडकीत त्यांचा. काका सकाळी माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि मोठ्या पडद्यावर वाचायचे.

"मी जोडून दिला," ती म्हणाली. "काकांचे डोळे दुखतात म्हणून जोडून दिला." आणि उठून गेली. पाच मिनिटांनी ग्रुपवर तिचा संदेश आला, पुढच्या कामाचा. मागे एकही तोंड नव्हतं. नुसते शब्द. तिच्याकडून तसा संदेश म्हणजे दार आपटल्यासारखंच होतं.

३

फोरमन हा माणूस ग्रुपवर कशालाही हात जोडतो. शाई संपली, हात जोडलेले. मोरी तुंबली, हात जोडलेले. मालकांना नात झाली तेव्हाही त्यानं हातच जोडले होते आणि छोट्या बाईंना आपल्या पोरीचं काही बरंवाईट झालं की काय असं वाटून गेलं होतं.

"अंगठा आला, नाव बघितलं, काकांचं होतं, यंत्र चालू केलं," तो म्हणाला. "यात माझा गुन्हा कुठला?"

"अकरा पाचला माझ्या टेबलाशी आला होतास. किल्ली न्यायला."

"हो. तुमच्या वहीत आहे म्हणजे आलोच असणार."

"तेव्हा काकांचा ग्रुप उघडा होता पडद्यावर."

"ताई," फोरमननं हातातला चिंध्याचा बोळा खाली ठेवला, "माझ्या बोटांना बघा. या बोटांनी तुमच्या पांढऱ्या माउसला हात लावला असता, तर तुम्ही मला जिवंत सोडलं असतं का?"

बोटं काळीनिळी होती. माउस स्वच्छ होता. त्याचा मुद्दा चोख होता, म्हणून मला राग आला.

"आणि काकांनी माझ्या शाईच्या मागणीला कधी अंगठा दिलाय का? त्या दिवशी दिला होता. मला वाटलं, काका शाई पण मंजूर करायला लागले."

तेही मी लिहून घेतलं. लिहून घेण्यात मी कुठेच कमी पडत नाही.

छोट्या बाई सोमवारी अकरा बाराला माझ्याकडे आल्या होत्या. कुरियरचं पाकीट टाकलं, उभ्याउभ्याच गेल्या. त्यांना मी जरा आदरानं, पण टोचूनच विचारलं, की अंगठ्यावर यंत्र चालवण्याची पद्धत त्यांचीच. ती फसली हे उघड होण्यापेक्षा काका फसले हे त्यांना सोयीचं नाही का?

त्यांनी टेबलावर हात टेकले.

"नोंदताई, काकांनी मला अक्षर लावायला शिकवलं. मी सात वर्षांची होते, तेव्हा. या टेबलाखाली बसून." मग आवाज बदलून म्हणाल्या, "पण पद्धतीचं म्हणताय ते बरोबर आहे. मुलं अंगठा म्हणजे 'पुरे' समजतात. आमचे बाबा 'आशीर्वाद' समजतात. फोरमन अंगठा देतच नाही, त्याला तो उद्धट वाटतो. एवढ्या जणांत एकाच अंगठ्याला मी सही करून टाकलं. ते माझं चुकलं. तेवढं लिहा."

मी लिहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, हेही लिहिलं. बाहेर ऊन होतं आणि पंखा बंद होता, हे मात्र लिहायचं राहिलं.

४

भिंगकाकांना मी तीन वेळा विचारलं. बुधवारी दुपारी, बुधवारी निघताना आणि गुरुवारी सकाळी.

पहिल्यांदा ते ठाम होते. "सोमवारी सकाळी तुमच्या शेजारी बसून मोठ्यांच्या औषधाचं पत्रक वाचलं. त्याला अंगठा दिला. माझ्या फोनवरून. तुमच्या यंत्रावरून मी अंगठा देत नाही. वाचायला कुणाचाही दिवा चालतो, सही आपल्या हातानं करायची. मग गोदामात गेलो, जुने नमुने बघायला. तिथे फोन लागत नाही."

"मग परत आल्यावर?"

"परत आलो तर यंत्र चालू. ग्रुप बघितला. प्रूफखाली माझा अंगठा होता."

"तुम्हाला आश्चर्य नाही वाटलं?"

"वाटलं. पण दोन्ही पत्रकं सारखीच दिसतात. मला वाटलं, सकाळी दोन्ही वाचली असतील. माझं नाव होतं ना खाली. माझ्या नावावर मी कसा अविश्वास दाखवणार?"

दुसऱ्या वेळी मी विचारलं, "काका, नीट आठवतंय ना? गोदामात जाण्याआधी, उठता उठता, सहज बोट लागलं असेल?"

"नाही. म्हणजे, नाही असं वाटतं."

तिसऱ्या वेळी मी आवाज मऊ केला. आवाज मऊ केला की माणसं बोलतात, हे मला माहीत आहे. "काका, या वयात होतं असं. माझ्या आईचंही सुरुवातीला असंच झालं होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

काका भिंगाची दोरी बोटाभोवती गुंडाळत राहिले, सोडत राहिले.

जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्या टेबलावर एक कागद होता. काकांचं अक्षर, एकही खाडाखोड नाही.

'सोमवारचे प्रूफ मी न वाचता मंजूर केले असले पाहिजे. मला ते आठवत नाही, आणि आठवत नाही हेच अधिक गंभीर आहे. अशा माणसाने औषधाची पत्रके वाचू नयेत. आजपासून मला कामातून मोकळे करावे.'

खाली सही. टोपी आणि डबा घेऊन ते निघून गेले होते. मी आवक क्रमांक घातला, वेळ घातली. प्रकरण संपलं होतं, आणि मला बरं वाटलं.

५

चार वाजता चिमणी माझ्या टेबलाशी आली. बसली नाही.

"तुम्ही काकांना घालवलंत."

"ते स्वतः गेले. लिहून देऊन."

"ताई, हे बघा." तिनं फोन समोर धरला. "काकांचा शनिवारचा अंगठा. शुक्रवारचा. सोमवारी सकाळचा, मोठ्यांच्या औषधावरचा. कोणत्या रंगाचे आहेत?"

"गव्हाळ."

"त्यांच्या नातीनं तो रंग लावून दिलाय. म्हणाली, आजोबा पिवळे नाहीत. एकदा रंग निवडला की त्या फोनवरून प्रत्येक वेळी तोच जातो. आता हा बघा. लहान मुलांच्या औषधावरचा."

पिवळाजर्द.

"रंग फोनमध्ये असतो, ताई, माणसात नसतो. दुसऱ्या यंत्रावरून दिला की आपला पिवळाच पडतो. हा काकांच्या फोनवरून आलेलाच नाही. काकांचा ग्रुप फोनशिवाय आणखी कुठे उघडा असतो?"

आम्ही दोघींनी एकदमच माझ्या संगणकाकडे बघितलं.

खोटं कशाला बोलू, मला शिकारीचा वास आल्यासारखं झालं. काका सुटले याचा आनंद नंतरचा. आधीचा आनंद हा, की आता माझी वही बोलणार. सोमवारी अकरा दहा ते अकरा वीस माझ्या टेबलाशी कोण होतं, हे जगात फक्त त्या वहीला माहीत होतं.

तेवढ्यात फोरमननं चिमणीला आत हाक मारली. "मी आलेच," म्हणत ती गेली. मी सोमवारचं पान काढलं.

दहा पंचावन्न, काका गोदामात गेले. अकरा पाच, फोरमन, किल्ली घेऊन लगेच गेला. अकरा बारा, छोट्या बाई, पाकीट टाकून गेल्या. चिमणी चहाला, हे तिनंच सांगितलेलं आणि चहाच्या खोलीच्या वहीत माझ्याच सांगण्यावरून लिहिलेलं. त्यानंतर अकरा बारा ते अकरा वीस टेबलाशी कुणीच नाही. फक्त ग्रुपवरून उतरवलेल्या सात नोंदी. शाईची मागणी. कुरियर. कागदाचा भाव. चिमणीची रजा. प्रूफ. पाण्याची तक्रार. उद्याची गाडी.

ग्रुप उघडून मी ते सात संदेश शोधले. सातांवरही पिवळा अंगठा. सातांवरही काकांचं नाव.

मग एक साधा प्रश्न मनात आला. नोंद केली की मी अंगठा ठेवते. एकही संदेश सोडत नाही. मग या सातांवर माझा अंगठा कुठे आहे?

शनिवारच्या संदेशांवर होता. मंगळवारच्याही. सोमवारी सकाळी आणि सोमवारी दुपारी होता. फक्त या सातांवर नव्हता.

दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी. दोन्हींत तोच ग्रुप, तेच संदेश. काका उठून गेले तेव्हा माउस त्यांच्याच खिडकीत राहिला होता.

वहीतलं ते अक्षर मी पुन्हा बघितलं. सातही नोंदी एका दमात, एका पेनानं केलेल्या होत्या. अक्षर माझं होतं.

चिमणी अजून आली नव्हती. काकांची खिडकी समोर उघडी होती. सात वेळा दाबलं असतं तर सातही अंगठे निघून गेले असते. काकांचा कबुलीजबाब माझ्याकडे क्रमांक घालून तयार होता. माझा हात माउसवर होता. किती वेळ होता ते मी लिहिलेलं नाही. एवढी एकच वेळ मी कुठेही लिहिलेली नाही.

६

शुक्रवारी सकाळी मालकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "कंपनीच्या पत्रात खरं ते लिहीन. उद्यापासून पुढच्या टेबलावर बसू नका. कुठे बसायचं ते मग बघू." मी दाराशी गेल्यावर म्हणाले, "आणि हे मला सांगून काय उपयोग? काकांना सांगितलंत का?"

काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. काकूंनी दार उघडलं. त्या बाहेर जायच्या तयारीत होत्या, काकाही. टेबलावर एक फाइल, त्यात जुने रिपोर्ट.

"आत्ता कशाला आलात?" काकू म्हणाल्या. "बारा वाजता डॉक्टरांकडे जायचंय. स्मरणशक्तीच्या. काल दुपारपासून हे मला एकच विचारतायत, मी आणखी काय काय विसरतो गं? तुला माहीत असून सांगत नाहीस का?"

मी उभ्यानंच सांगितलं. एका श्वासात. "काका, तो अंगठा मी दिला. तुमच्या खिडकीतून, चुकून. तुम्ही काही विसरलेला नाहीत."

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नकारार्थी.

"तुम्ही फार चांगल्या आहात ताई," ते म्हणाले. "पण अशी दया नको. मला उद्या ते आणखी जड जाईल."

हे मी धरलंच नव्हतं. ते रागावतील, काकू बोलतील, सगळं धरलं होतं. माझी कबुलीच त्यांना खोटी वाटेल, हे नव्हतं धरलं. माझ्या दोन दिवसांच्या मऊ आवाजानं एवढं काम केलं होतं.

"दया नाही काका. पुरावा आहे. तपासा."

फोन त्यांच्या हातात दिला, वही टेबलावर उघडली. काका बसले. त्यांनी भिंग काढलं आणि मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी विचारले तसे नव्हे. एकेक, सावकाश, उत्तर पूर्ण होऊ देत.

"मी गोदामात किती वाजता गेलो?"

"दहा पंचावन्नला."

"हे आठवतंय की लिहिलंय?"

"लिहिलंय."

"प्रूफ ग्रुपवर आलं?"

"अकरा दहाला. तुम्ही उठल्यावर पंधरा मिनिटांनी. तुम्ही ते माझ्या टेबलावर वाचूच शकत नव्हता काका. तुम्ही तिथे होता तेव्हा ते आलेलंच नव्हतं. दोन्ही वेळा माझ्याकडे बुधवारपासून होत्या. मी त्या शेजारी ठेवून बघितल्या नाहीत."

त्यांनी वहीतल्या दोन्ही वेळांवरून भिंग फिरवलं. मग फोनवर गव्हाळ अंगठा बघितला, पिवळा बघितला, पुन्हा गव्हाळ.

"मी चिमणीच्या रजेला अंगठा दिलाय?"

"तुमच्या नावानं मी दिलाय. ती नोंद चौथी. शाईला दिलाय, ती पहिली. प्रूफ पाचवी. ओळीनं."

"तुमचा अंगठा मंगळवारी आहे?"

"प्रत्येक संदेशावर."

"शनिवारी?"

"आहे."

"सोमवारी हे सात सोडून?"

"सगळीकडे आहे."

त्यांनी सातही संदेश एकेक उघडून बघितले, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. काकू दाराला टेकून उभ्या होत्या. माझी नजर कुठे ठेवावी ते मला कळत नव्हतं.

मग काकांनी भिंग खाली ठेवलं. त्यांचे खांदे सैल पडले.

"मी वाचलं नव्हतं," ते म्हणाले. मला नाही, काकूंना.

"मी म्हटलं होतं ना," काकू म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं.

"तुम्ही मला तीनदा विचारलंत ताई," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "चिमणीला विचारलंत. फोरमनला. छोट्या बाईंनाही विचारलंत म्हणे. टेबल तुमचं, यंत्र तुमचं. स्वतःला एकदा विचारायला काय हरकत होती?"

"सुचलंच नाही काका." यापेक्षा वाईट उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि यापेक्षा खरंही नव्हतं. "आणि आईचं जे सांगितलं तुम्हाला, ते... माझी आई शेवटपर्यंत धड होती. तुम्ही बोलावंत म्हणून सांगितलं."

हे त्यांनी विचारलं नव्हतं. काकूंचा चेहरा कडक झाला. त्या टेलिफोनपाशी गेल्या, फाइलवरचा नंबर बघून लावला.

"हॅलो. बाराची वेळ घेतली होती. रद्द करायची आहे." मग ऐकत राहिल्या. रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या. "कारण विचारतायत. ऐन वेळी रद्द केलं की लिहावं लागतं म्हणे. या. तुम्हीच सांगा."

मी रिसीव्हर घेतला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, घाईतली.

"कारण सांगा."

"त्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे. चूक माझी होती. त्यांच्यावर आली."

"काय? जरा मोठ्यानं बोला, इथे गर्दी आहे."

मी मोठ्यानं सांगितलं. पलीकडे लिहिल्याचा आवाज आला. ती लिहून घेत होती, शब्द न् शब्द, आणि मी तिच्या पेनाची वाट बघत उभी होते.

"आणि आपण पेशंटच्या कोण?"

मी काकांकडे बघितलं. हे मी ठरवायचं नव्हतं.

काका टोपी हातात घेऊन बसले होते. त्यांनी जरा वेळ घेतला, जेवढा ते नेहमी घेतात तेवढा.

"सहकारी," ते म्हणाले. "सहकारी सांगा. बरोबर आहे ते."